गंजी पेटली तर भिंत किती तापते? (गणित तपासून हवंय)

वैरणवाला

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये गावाकडे आमची कडब्याची गंजी जळाली. माणसं-जनावरं सुखरूप आहेत. हे आधीच सांगतो, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद चौकशीचेच येतील.

सहाशेच्या आसपास पेंढ्या होत्या, म्हणजे लहानच गंजी. घराच्या मागच्या भिंतीपासून तीन मीटरवर रचलेली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पेटली, वीसेक मिनिटं धडाडून जळाली आणि पुढे रात्रभर धुमसत राहिली. कुणीतरी बांध पेटवला होता, त्याची ठिणगी असावी. ज्वाळा पत्र्याच्या वर गेल्या होत्या. मी चार मीटर रुंद आणि चार मीटर उंच असा ज्वाळेचा पडदा धरलाय.

भिंत ९ इंची, पक्क्या विटेची, दोन्हीकडून गिलावा. तिला लागूनच पत्र्याचा शेड, त्यात सोयाबीनची पोती. आता मागची बाजू नव्याने बांधायची आहे. आण्णा (माझे चुलते) म्हणतात १४ इंची भिंत घाला, ९ इंचीतून आग आत येते. माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा दहा वर्षांपूर्वीचा. आठवलं तेवढ्यावर हिशोब केला:

विटेची उष्णतावाहकता ०.८ वॅट प्रति मीटर प्रति अंश. बाहेर ८०० °से., आत ३५, फरक ७६५. जाडी ०.२३ मीटर. म्हणजे ०.८ × ७६५ ÷ ०.२३ = २,६६० वॅट दर चौरस मीटरला. भिंत १५ चौरस मीटर, म्हणजे एकूण ४० किलोवॅट. घरचा गिझर २ किलोवॅटचा असतो, तर हे खोलीत वीस गिझर लावल्यासारखं झालं!

पण त्या वेळी आई त्याच भिंतीच्या आतल्या बाजूला देव्हाऱ्यातले देव पिशवीत भरत होती. तिला काही जाणवलं नाही. कुठं चुकतंय?

उष्णकटिबंध

दोन ठिकाणी चुकतंय. दुसरी चूक मोठी आहे, म्हणून आधी ती घेतो.

तुम्ही वापरलेलं सूत्र सगळं स्थिरावल्यानंतरचं आहे. बाहेरचं तापमान तेच, आतलं तेच आणि मधल्या विटेने जेवढी उष्णता पिऊन घ्यायची तेवढी घेऊन झालेली. एसीचा लोड काढायला ते चालतं. वीस मिनिटांच्या आगीला चालत नाही, कारण भिंत अजून पितच असते. आत द्यायला तिच्याकडे काही आलेलंच नसतं.

स्थिरावायला किती वेळ लागेल याचा अंदाज सोपा आहे. वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागा: ०.८ ÷ (१८०० × ८५०). उत्तर येतं साधारण ०.५२ चौरस मिलिमीटर प्रति सेकंद. ही विटेची विसरणक्षमता, उष्णता विटेत किती झपाट्याने पसरते त्याचं माप. आता जाडीचा वर्ग भागिले हा आकडा: २३० × २३० ÷ ०.५२, म्हणजे लाखभर सेकंद, अठ्ठावीस तास! तुमची आग वीस मिनिटं चालली.

उलट बाजूनेही बघता येतं. वीस मिनिटं म्हणजे १,२०० सेकंद. ०.५२ × १,२०० चं वर्गमूळ २५ मिलिमीटर. एका इंचाला उष्णतेचं त्या वीस मिनिटांतलं एक पाऊल समजा. दोन पावलं आत, ५० मिमीवर, पृष्ठभाग जितका तापला त्याच्या फार तर १५-१६ टक्के वाढ पोचते. चार पावलांवर, १०० मिमीवर, अर्धा टक्का. २३० मिमीवर शून्य. अगदी छापील शून्य नाही, पण दशांश चिन्हानंतर भरपूर शून्यं लिहावी लागतील.

पहिली चूक अशी की ८०० हे ज्वाळेचं तापमान आहे, भिंतीचं नाही. तीन मीटरवरून भिंतीला आग शिवत नाही, ती फक्त दिसते. जे येतं ते प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात येतं. त्याचा हिशोब रात्री जेवण झाल्यावर टाकतो.

वाटसरू_७२

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

(अवांतर: आमच्याकडे गंजी नाही, वळई म्हणतात.)

उष्णकटिबंध

हं, तर प्रारण.

८०० °से. म्हणजे १,०७३ केल्विन. स्टीफन-बोल्ट्झमानच्या नियमाने चौथा घात घेऊन ५.६७ गुणिले १० चा उणे आठवा घात याने गुणलं की ७५ किलोवॅट प्रति चौरस मीटर येतात. ज्वाळा काही पूर्ण काळी वस्तू (म्हणजे शक्य तेवढं सगळं प्रारण फेकणारी) नाही, म्हणून ०.८ ने गुणून ६०.

एवढं सगळं भिंतीवर पडत नाही. भिंतीवर त्या जागी डोळा ठेवला, तर समोरच्या अर्धगोलाकार आकाशापैकी किती भाग ज्वाळेने अडवलाय, ढोबळमानाने तोच व्ह्यू फॅक्टर. ४ × ४ मीटरचा पडदा, बरोबर समोरचा बिंदू:

१.५ मीटरवर ०.६९, म्हणजे ४१ किलोवॅट
३ मीटरवर ०.३६, म्हणजे २१
६ मीटरवर ०.१२, म्हणजे ७
१० मीटरवर ०.०५, म्हणजे ३

(सगळे किलोवॅट दर चौरस मीटरला.) तुलनेसाठी, भर दुपारचं कडक ऊन सुमारे १ किलोवॅट असतं. तुमच्या भिंतीवर वीस-एकवीस सूर्य एकदम होते.

आता हे २१ गिलाव्यावर पडले, त्यातले १९ शोषले गेले. तापत जाणारी भिंत स्वतःही उष्णता परत फेकते. कितीही वेळ आग चालली तरी ४७० अंशांच्या आसपास येणं आणि जाणं बरोबरीला येतं, त्यावर ती जात नाही. वीस मिनिटांत तिथवरही पोचत नाही. माझ्या एक्सेलमध्ये ५ मिमीचे थर पाडून, दर ५ सेकंदांनी पायरी चढवत गेलं की पृष्ठभाग साधारण ३६० ला पोचतो. दोन इंच आत ८५ च्या खाली. चार इंचांवर एखादा अंश. मातोश्री देव भरत होत्या तिथे ढिम्म काही नाही.

१४ इंची भिंतीने यात काहीच बदलत नाही. आगीला चौथ्या इंचानंतर भिंत आहे की नाही हेच कळलेलं नाही.

गवंडीकाम

थरांची पायरी निवडताना एक पथ्य पाळा. वेळेची पायरी गुणिले विसरणक्षमता, भागिले थराच्या जाडीचा वर्ग, हा आकडा अर्ध्याच्या आत हवा. नाहीतर एक्सेल उणे तापमानं दाखवायला लागतं. ०.५२ × ५ ÷ २५ = ०.१, म्हणजे तुमचं ठीक आहे. मी एकदा थर बारीक केले, वेळ तशीच ठेवली आणि भिंत उणे चार हजार अंशांवर नेली होती.

आण्णांना एवढं हसू नका. जुनी घरं आठवा, धाब्याची, पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात भिंतींची. अशा भिंतीत ओल असते, आणि पाण्याची वाफ करायला किलोमागे २,२५७ किलोजूल लागतात. शंभर अंशांवर तो थर अडकून बसतो, ओल उडेपर्यंत पुढे सरकत नाही. जाड भिंत आगीला चांगली ही समजूत तिथून आलेली आहे, आणि तिथे ती खरी आहे. ९ इंची वीट मुळातच पुरेशी आहे, एवढाच मुद्दा.

नवीन बांधकामात ६ इंची एएसी ब्लॉकचा (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचा) विचार असेल तर तेही चालेल. वाहकता ०.२ च्या आसपास, घनता ६०० धरा, विसरणक्षमता ०.३३. वीस मिनिटांचं पाऊल २० मिमी, १५० मिमीच्या मागे काही पोचत नाही. फक्त तो उष्णता आत ओढत नसल्यामुळे पृष्ठभाग विटेपेक्षा फार लवकर तापतो. गिलावा आणि ब्लॉक यांचं जमत नाही आणि गिलाव्याच्या पट्ट्या सुटून पडतात. आत सुरक्षित, बाहेरून भिकार.

ताळा_घ्या

गणित सुंदर, पण मला तो ६० चा आकडा पचत नाही.

ऊर्जेच्या बाजूने ताळा घ्या. सहाशे पेंढ्या, पेंढी दीड किलोची धरली तर ९०० किलो. वाळलेला कडबा किलोमागे साधारण १५ मेगाजूल देतो, म्हणजे एकूण १३,५०० मेगाजूल. ‘रात्रभर धुमसत राहिली’ म्हणालात, म्हणजे पहिल्या वीस मिनिटांत अर्धाच जळाला असं समजू. ६,७५० मेगाजूल भागिले १,२०० सेकंद, सुमारे ५.६ मेगावॅट. त्यातले फार तर तीस टक्के प्रारणाने बाहेर पडतात, बाकीचे धुराबरोबर वर जातात. राहिले १.७ मेगावॅट.

हे चारी बाजूंच्या पडद्यांतून जाणार. ४ × १६ = ६४ चौरस मीटर. १,७०० ÷ ६४ = २६ किलोवॅट. ६० नव्हे!

मग भिंतीवर २१ नाही, ९ ते १० पडले. निम्म्याहून कमी.

उष्णकटिबंध

पेंढी दोन किलोची असेल तर? पाऊण गंजी जळाली असेल तर?

ताळा_घ्या

तरी ५३ च्या वर जात नाही. आणि तुम्ही पडदा सगळीकडे सारखा ८०० चा धरलाय. प्रत्यक्ष ज्वाळेचा वरचा अर्धा भाग लपलपता असतो, मधून पलीकडचं झाड दिसतं. पुराव्याशिवाय भांडण्यात अर्थ नाही. वैरणवाला, त्या भिंतीत लाकडाचं काही होतं का?

वैरणवाला

हो, खिडकी आहे, जवळपास गंजीच्या समोरच. सागवानी चौकट, तावदानं काचेची. तैलरंग फोड येऊन सुटला, चौकट वरून काळपट-तपकिरी झाली, पण पेटली नाही. दोन काचा तडकल्या, एक पडली. शेडमध्ये पत्र्याला टेकून ठेवलेली पोती तपकिरी झाली होती, त्यातून धूर निघत होता. मधल्या रांगेतली जशीच्या तशी. आम्ही आधी तीच ओढून बाहेर काढली.

ताळा_घ्या

झालं तर. लाकडाजवळ ठिणगी असेल तर १२-१३ किलोवॅटच्या आसपास काही मिनिटांत ते पेट घेतं. इमारतींमधलं अंतर ठरवताना इंग्लंडमध्ये १२.६ हाच आकडा धरतात. तुमच्याकडे ठिणग्यांची काही कमी नव्हती. एकवीस किलोवॅट वीस मिनिटं पडले असते तर चौकट गेली असती. ती गेली नाही, म्हणजे बाराच्या खाली. माझा दहा.

उष्णकटिबंध

मान्य. चौकटीपुढे एक्सेल काय करणार.

दहाने परत चालवलं. पृष्ठभाग सव्वादोनशे-अडीचशेच्या मध्ये. बाकी निष्कर्ष तोच, आत शून्य. पण नवीन बांधकामाचं अंतर ठरवताना मी ६० च धरीन. वाऱ्याने ज्वाळा भिंतीकडे झुकली तर तीन मीटरचा दीड मीटर व्हायला वेळ लागत नाही, आणि पुढच्या वर्षी गंजी सहाशेचीच असेल असं कोणी सांगितलंय.

पत्र्याचं गणित मात्र वेगळंच आहे आणि मला जास्त गमतीचं वाटतं. अर्धा मिमी पत्रा. चौरस मीटरमागे जेमतेम चार किलो लोखंड. एक अंश तापायला १,९०० जूल पुरतात. तो पीत नाही, नुसता पलीकडे देतो. दहा किलोवॅट पडले तर दीड-दोन मिनिटांत सव्वादोनशेच्या आसपास जाऊन स्थिरावतो आणि निम्मी उष्णता आतल्या बाजूला फेकायला लागतो. टेकलेली पोती तपकिरी, मधली रांग कोरी, हे अगदी जुळतं. म्हणजे वैरणवाला, तुमचं ते स्थिरावल्यानंतरचं सूत्र भिंतीला चुकीचं, पण पत्र्याला तशा प्रकारचा विचार चालून जातो. फक्त तिथे वाहकतेला महत्त्व नाही, दोन्ही पृष्ठभाग किती फेकतात त्याला आहे.

निवृत्त_बंबवाला

धागा आज पाहिला. अग्निशमन दलात अठ्ठावीस वर्षं काढली, वर्गमूळ काढल्याला त्याहून जास्त झाली, तरी वाचत राहिलो.

बाहेरची आग विटेच्या भिंतीतून आत गेलेली मी एकदाही पाहिली नाही. आत जाते ती खिडकीतून, वळचणीतून, कौलांच्या फटीतून, दाराखालून. तुमच्या धाग्यात सगळ्यात महत्त्वाची ओळ ‘दोन काचा तडकल्या, एक पडली’ ही आहे आणि तिच्यावर कुणीच थांबलं नाही.

काच का तडकते? मधला भाग उष्णता घेऊन फुगतो, चौकटीखाली लपलेली कड थंड राहते. दोहोंत साठ-सत्तर अंशांचा फरक पडला की साधी काच कडेपासून फुटते. त्यासाठी आगीने काचेला शिवावं लागत नाही. काच पडली की पडदा, गादी, कागद थेट त्या दहा किलोवॅटसमोर, आणि ठिणग्यांना रस्ता मोकळा. तुमची भिंत दहा तास टिकली असती. काच किती मिनिटं टिकली?

वळचणीचंही तेच. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये चार बोटं फट ठेवतात हवेला, त्यात चिमण्या घरटी करतात, काडीकचरा. कडब्याची जळती पाती वाऱ्यावर कुठल्या कुठे जातात. माझ्या अनुभवात गंजीच्या आगीत घर गेलं ते बहुतेक वेळा गंजीच्या बाजूने नाही, भलत्याच कोपऱ्यातून.

आणखी एक, तापलेल्या भिंतीवर लांबून पाण्याचा सरळ फवारा मारू नका. गिलावा आणि विटांचे पापुद्रे उडतात, तेही मारणाऱ्याच्या अंगावर. काळ्या दगडाच्या भिंतीचे तर चांगले मोठे कपचे सुटतात.

सदनिका_क्र_१४०४

मुंबईत राहते, गंजी नाही, पण आमच्या सोसायटीत दर्शनी बाजूला अॅल्युमिनियमचे पॅनेल लावायचा ठराव आलाय. हे सगळं तिथे लागू होतं का?

गवंडीकाम

ताई, पॅनेलच्या पोटात काय आहे ते आधी विचारा. लंडनचा ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ ला जळाला तेव्हा आग चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात लागली होती. बाहेरच्या पॅनेलमध्ये दोन अॅल्युमिनियम पत्र्यांच्या मधे पॉलिएथिलीन, म्हणजे जळणारं प्लास्टिक होतं. आग त्यावरून वर चढली आणि खिडक्याखिडक्यांतून परत आत शिरली. ७२ माणसं गेली. काँक्रीटचा सांगाडा आगीनंतरही उभा होता. बंबवाले साहेब म्हणतायत तेच, चोवीस मजल्यांच्या उंचीवर.

इथल्या गणितात भिंत स्वतः जळत नाही असं धरलंय. भिंतीवर जळणारं कातडं चढवलं की हिशोबच नवा. एनबीसी २०१६ चा (राष्ट्रीय इमारत संहितेचा) चौथा भाग आगीवरच आहे, सोसायटीच्या सभेला घेऊन जा. ‘दिसायला छान’च्या पुढे चर्चा सरकेल.

भाबडा_प्रश्न

ते ‘दोन तासांची भिंत’, ‘चार तासांची भिंत’ म्हणतात ते काय असतं मग?

उष्णकटिबंध

भट्टीतली परीक्षा. एका बाजूला ठरलेल्या वक्राने तापवतात, अर्ध्या तासाला ८४२ °से., तासाला ९४५. मागच्या बाजूची सरासरी वाढ १४० अंशांच्या वर गेली, किंवा एखाद्या ठिकाणी १८० च्या वर, की नापास. ९ इंची विटेची भिंत साधारण चार तासांच्या रांगेत बसते. हा वक्र खोलीच्या आतल्या आगीचा आहे. बाहेरच्या आगीसाठी युरोपीय संहितेत वेगळा वक्र दिलाय, तो ६८० वर थांबतो, कारण उघड्यावर उष्णता कोंडत नाही. दोन्ही वक्रांत आग भिंतीला भिडलेली आहे असंच गृहीत आहे. तीन मीटरवरची गंजी त्याहून सौम्य.

अरे हो, एक गोष्ट राहिली. मी ‘आत शून्य’ म्हणालो ते आग चालू असतानाचं. भिंतीने प्यालेली उष्णता नंतर दोन्हीकडे पसरते. सुधारित आकड्याने वीस मिनिटांत चौरस मीटरमागे सात-आठ मेगाजूल आत गेले. ते सगळे राहिले आणि जाडीभर सारखे पसरले, तर भिंत २२ अंशांनी तापेल. पण बरेचसे बाहेरूनच परत जातात. आतल्या बाजूला फार तर पाच-सहा अंशांची वाढ, आणि तीही चार ते सहा तासांनी.

वैरणवाला

थांबा थांबा. हे वाचून आईला फोन केला. ती म्हणाली, रात्री दहा-साडेदहाला देव परत मांडताना भिंतीला हात लागला तर कोमट होती. तिने वडिलांना सांगितलं, वडील म्हणाले तुला भास होतोय, आग विझून पाच तास झाले.

ताळा_घ्या

काकूंबद्दल आदर आहे, पण उन्हाळ्यात विटेची भिंत दिवसभराच्या उन्हाने रात्री दहाला कोमट असतेच. पश्चिमेची असेल तर हमखास. पाच अंश आगीचे की उन्हाचे, हे हाताला कसं कळणार?

वैरणवाला

मागची भिंत उत्तरेची आहे हो. मार्चात तिच्यावर ऊन पडत नाही.

बाकी निर्णय: भिंत ९ इंचीच. मागची खिडकी लहान आणि वर, लोखंडी झडपेसकट. वळचणीची फट जाळीने बंद. पोती पत्र्यापासून हातभर सोडून. गंजी विहिरीकडे, टेप लावून चौदा मीटर. आण्णांना एक्सेल दाखवलं. ते म्हणाले, एवढ्या लांबून वैरण रोज कोण आणणार, तुझं एक्सेल?

ताळा_घ्या

उत्तरेची असेल तर काकूंचं बरोबर. माझा प्रतिसाद मागे.